तिसऱ्या रविवारची सूचना

पेल्याच्या तळाशी एक लालसर कडं राहिलं होतं. पेला काचेचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि शांतवनने तो खिडकीतल्या उजेडासमोर धरला म्हणून ते दिसलं, नाहीतर पेला धुऊन उपडा घातलेलाच होता. करंगळी आत घालून पाहिली, ती पहिल्या पेरावर अडली. एस्तेर हे कसं करायची... काडीला चिंधी गुंडाळून? की गरम पाण्यात टाकून ठेवायची? प्रभुभोजनाचे हे अठ्ठेचाळीस पेले महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधून घरी यायचे आणि पुढच्या पहिल्या रविवारी स्वच्छ होऊन परत जायचे, एकोणतीस वर्षं, याच मोरीत, त्याच्या पाठीमागे. तो इथेच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेला असायचा आणि पाण्याचा आवाज ऐकायचा — आवाज ऐकला, हात पाहिले नाहीत. आता ती असती तर विचारलं असतं. आता ती असती तर विचारायची वेळच आली नसती. हल्ली त्याचे विचार असे गोल फिरत आणि जिथून निघाले तिथेच येऊन बसत.

गॅसवर काळ्या मनुका उकळत होत्या. उद्याचा द्राक्षरस. त्यांचा वास गोड नव्हता, जरा मातकट होता, पावसाळ्यात बंद खोली उघडल्यासारखा, आणि त्या वासात शनिवारच्या सकाळी असायची ती सगळी एस्तेर होती — पदर खोचलेली, चष्मा कपाळावर, मनुका कापडातून पिळताना ओठ दाबून धरलेली. मार्चमध्ये ती गेली. एप्रिलपासून पेले तो धुतो. मंडळीतल्या बायकांनी मागितले होते, त्याने दिले नाहीत. का दिले नाहीत ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. म्हणजे देवराव. देवराव कधी कडी वाजवत नाही.

"जय ख्रिस्त. काय शिजवून राह्यला बे?"

"जय ख्रिस्त. मनुका."

"म्हंजे आता तूच मंडळीची बाई झाला." देवराव हसत आत आला, खुर्ची ओढून बसला आणि पातेल्याकडे मान लांबवून बघितलं. "साखर नको टाकू. एस्तेरवयनी टाकत नव्हत्या."

"मालूम हाय मले."

मालूम नव्हतं. साखरेचा डबा हातात होता, तो त्याने गुपचूप फळीवर ठेवला.

देवराव आणि तो दिग्रसच्या एकाच कापसाच्या जिनिंगमध्ये चौतीस हंगाम होते, तो यंत्रांवर फिटर, देवराव गठाणी बांधायच्या प्रेसवर. आणि रविवारी दोघे मंडळीचे पंच. देवरावचा एक कान प्रेसच्या आवाजाने गेला होता, म्हणून तो जरा मोठ्याने बोलायचा, गुपितसुद्धा.

"बाभुळगावले एक बाई हाय," तो म्हणाला. "नर्स होती, रिटायर झाली. विधवा. लेकरं नाहीत. मले कोणी पाठोलं नाही, माह्या मनचं सांगून राह्यलो."

"देवराव, आठ महिने झाले फक्त."

"शास्त्रात आठ महिने लिहिले हायेत का बारा? मरणानं गाठ सुटते. तू मोकळा हायेस. उद्या लग्न केलं तरी कोणी बोट दाखवू शकत नाही तुह्याकडे."

मोकळा. शांतवनने आच कमी केली. पाळी संपली की आम्ही यंत्राचा पट्टा चाकावरून उतरवायचो, आणि पट्टा उतरल्यावरही ते मोठं चाक थांबायचं नाही, फिरतच राहायचं, कशालाही जोडलेलं नसताना, नुसतं... नवीन आलेला माणूस घाबरायचा, हात लावू का म्हणून विचारायचा. लावू नको, म्हणायचो. आपोआप थांबते. किती वेळाने, ते कोणी कधी विचारलं नाही आणि मीही मोजलं नाही.

"आन दुसरं हे," देवराव म्हणाला, आणि त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून ओट्यावर ठेवला. आता त्याचा आवाज लहान झाला होता. लहान आवाज त्याला जमत नसे, तो घशात खरखरला.

शांतवनने हात पुसून कागद उघडला. रेघी वहीचं पान, देवरावचं मोठं, उजवीकडे कलणारं अक्षर. *दिग्रस मंडळीच्या निकिताचा विवाह बाभुळगाव मंडळीच्या रोशनशी ठरला आहे. या विवाहास माझी हरकत आहे. तिचा पहिला पती जिवंत आहे. कोर्टाने दिलेली फारकत प्रभूने दिलेली नाही.* खाली सही.

त्यांच्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार सूचना वाचायची रीत होती, आणि ती सेक्रेटरीने, म्हणजे शांतवनने वाचायची. पहिल्या दोन रविवारी नुसती नावं. तिसऱ्या रविवारी नावं वाचून विचारायचं, कोणाची हरकत आहे का, आणि मग थांबायचं — मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईल इतका वेळ, बरोबर तितका, सगळ्या मंडळीने गप्प राहायचं. ती शांतता म्हणजेच संमती. लेखी हरकत आधीच आली तर सेक्रेटरीने ठरवायचं: ती बाजूला ठेवून सूचना वाचायची, नाहीतर सूचना थांबवून पंचांपुढे न्यायची. निकिताचं लग्न येत्या गुरुवारी होतं. तिसरी सूचना उद्या. पास्टर आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते, सकाळच्या गाडीने थेट उपासनेला येणार होते, फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "शांतवनभाऊ, सात वर्षांपूर्वीचा निर्णय तुमचा होता. आताचाही तुम्हीच घ्या. मी मागे उभा आहे." मागे उभं राहणं सोपं असतं.

"दोन रविवार झाले," तो म्हणाला. "तवा काहून नाही बोलला?"

"तवा मले वाटलं तूच थांबवशीन. तिले दुसरं लग्न नाही, हे तुह्याच तोंडून निघालं होतं ना. मी नुसती मान हालवली होती."

"हाव."

"आन त्या शब्दावर मी माह्या दीपाले सासरी परत पाठोलं. तीनदा." देवराव आता पातेल्याशीच बोलत होता. "पुसदले. तिसऱ्या खेपेले मी तिले म्हनलं, ती निकिता पाय, मंडळीनं सांगतलं तं कशी राह्यते एकटी; तुले तं नवरा हाय, घर हाय, थोडं सोसून घेशीन. पोरगी बसमध्ये बसली. खिडकीजवळ बसली, पण माह्याकडे पाह्यलं नाही. आता निकितानं लग्न केलं, आन तूच ते वाचलं, तं मी दीपाले काय सांगू? का बापाचं चुकलं होतं?"

शांतवनने गॅस बंद केला. मनुका फुगून वर आल्या होत्या. काही बोलावं असं वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं शास्त्रातलं होतं, आणि शास्त्र देवरावला त्याच्याइतकंच पाठ होतं.

"चहा ठेवू?"

"नको. तुह्या हातचा चहा माणसाले एकदाच पुरते." देवराव उठला. दारात थांबून म्हणाला, "माहं वैर नाही तिच्यासंगं. मी जाऊन तिच्या तोंडावर सांगणार हाय. लपून नाही करत मी."

सायकल गेली. आणि मग, ओट्याशी एकटं उभं असताना, शांतवनला एक गोष्ट जाणवली जी त्याला आवडली नाही. कागद वाचून त्याला दुःख झालं नव्हतं. कागद वाचून त्याला बरं वाटलं होतं. थंडीत कोणी खांद्यावर घोंगडी टाकावी तसं. का, ते कळत नव्हतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, सूचनेच्या कागदाला लागून, आणि मनुका पिळायला घेतल्या.

पिळताना ती सात वर्षांपूर्वीची खोली आली. पास्टरच्या घराची पुढची खोली, सतरंजी, पाच पंच, आणि लाकडी बाकाच्या अगदी कडेला बसलेली निकिता, मांडीवर प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये कोर्टाचे कागद. तिने ते दाखवायला उघडले होते, कोणी हातात घेतले नव्हते. नवरा अमरावतीचा. मारायचा. डाव्या मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं सगळ्यांना दिसत होतं. पण बाहेरख्याली नव्हता, हे तिनेच खरं सांगितलं. खोटं बोलली असती तर गोष्ट सोपी झाली असती, कारण तेवढं एक कारण प्रभूने दिलं आहे. मग सगळे शांतवनकडे बघू लागले होते, कारण वचनं त्यालाच तोंडपाठ. आणि तो म्हणाला होता — आवाजसुद्धा आठवतो, समजूतदार, जरा दमलेला — की मंडळी तुला मार खायला परत पाठवत नाही, पोरी. वेगळी राहा. पण तो जिवंत आहे तोवर दुसरं लग्न नाही. एकटी राहा. प्रेषितानेही एकटं राहणं चांगलंच म्हटलं आहे.

एकटी राहा. दोन शब्द. पाणी पी, दार लावून घे, म्हणावं तसे. एस्तेर चहाचा ट्रे घेऊन आत आली होती तेव्हाच. तिने पाच कप पंचांपुढे ठेवले, सहावा निकिताच्या हातात दिला आणि तिच्याजवळ बाकावर बसली, बसायची रीत नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता तिने विचारलं होतं, "तुमाले राहता येईन का एकटं?"

"मले कायले राहा लागते? तू हायेस ना."

ती हसली नाही. मेथीची काडी मोडत म्हणाली, "मंग सांगाले नव्हतं पायजे."

एवढंच. पुन्हा सात वर्षांत तिने तो विषय काढला नाही. तिची ती रीत होती, एकदा म्हणायचं.

दुपारी भात आणि लोणचं खाल्लं आणि खुर्चीतच डोळा लागला. नोव्हेंबर संपत आला होता, जिनिंग रात्रंदिवस चालू होती, आणि कापसाचे बारीक तंतू गल्लीभर तरंगत असत, खिडकीच्या जाळीवर साचत, उन्हात दिसत, सावलीत दिसेनासे होत. झोपेत ते आत आले. ते बाभुळगावच्या चर्चमध्ये पडत होते, चौतीस वर्षांपूर्वीच्या, आणि तो नवीन शर्टात बसला होता, गळ्याला कॉलर काचत होती, आणि कोणीतरी त्याचं आणि एस्तेरचं नाव वाचत होतं. तिसरी वेळ. कोणाची हरकत आहे का. मग ती शांतता, आणि त्या शांततेत एक म्हातारा खोकला, आणि सगळ्या माना वळल्या. हे खरंच झालं होतं. पण खरं झालं तेव्हा एस्तेर बायकांच्या बाजूला होती, त्याला तिची फक्त पाठ दिसली होती. झोपेत मात्र ती तोंड वळवून बघत होती, त्याच्याकडे नाही, त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे, आणि तिच्या तोंडावर आशा होती.

तो जागा झाला. ती आशा त्याने कल्पनेतून आणलेली नव्हती. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कधीतरी, हसत हसत, तिनेच सांगितलं होतं: "तो बुढा खोकलला ना, तवा मले वाटलं, उठला आता, हरकत घेते. म्हंजे मी घरी जाईन आन नर्सिंगचा कोर्स पुरा करीन. आमच्या होस्टेलच्या सिस्टर होत्या ना, बिनलग्नाच्या, त्यायच्यासारखी राहीन." तो म्हणाला होता, मग पस्तावते का? तर ती म्हणाली, "नाही. हे बी चांगलं झालं. पण ते बी झालं असतं." आणि उठून गेली, दूध उतू जात होतं.

ते बी झालं असतं. त्या दुसऱ्या एस्तेरला मी कधी भेटलो नाही. पांढऱ्या साडीतली, स्वतःच्या खोलीची किल्ली कमरेला, संध्याकाळी एकटीच प्रार्थना करणारी... तिला काय आवडलं असतं? मी विचारायला हवं होतं. तेव्हा दूध उतू जात होतं.

तीनच्या सुमारास तो पेल्यांचा ट्रे फडक्यात बांधून चर्चला निघाला. जिनिंगच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग होती, गाडीवाले टपरीवर बसले होते, आणि हवा पांढरी होती. माणसं तोंडाला रुमाल बांधून, त्यांचे डोळेच दिसत होते, डोळ्यांनी ओळखून माना हलवत होती. चौतीस वर्षं त्याने हेच केलं होतं, सरकीला धरून बसलेला कापूस सरकीपासून सोडवायचा. रोलर फिरतो, पातं दाबतं, आणि कापूस पुढे जातो, बी खाली पडतं. यंत्र बिघडलं तर दोन गोष्टी होत: एक तर कापूस सुटायचाच नाही, नाहीतर बी फुटून कापसातच जायचं. तो कानाने ओळखायचा कोणतं झालं आहे. आता कान लावून काहीच ओळखू येत नव्हतं.

चर्चमध्ये गार होतं. त्याने बाकांवरचा कापूस फडक्याने झटकला, ट्रे टेबलावर ठेवला, वर पांढरं कापड घातलं. दारात स्कूटी थांबली.

"जय ख्रिस्त, काका."

"ये, निकिता."

ती लॅबमधून सरळ आली होती, हातात रक्ताच्या नमुन्यांची पेटी. एस्तेरच्या शेवटच्या चार महिन्यांत दर मंगळवारी हीच पेटी घेऊन ती घरी यायची. पलंगाच्या कडेला बसून म्हणायची, मूठ आवळा बाई, आणि एस्तेर मूठ आवळायची, आणि दोघी पुढच्या दहा मिनिटांत भलत्याच गोष्टी बोलायच्या, कोणाची कोंबडी, कोणाची सून. त्या चार महिन्यांत तिने त्या खोलीबद्दल, त्या बाकाबद्दल, एक अक्षर काढलं नाही. त्याला वाटायचं, काढावं.

ती मागच्या बाकावर बसली, पेटी जवळ ठेवली.

"देवरावकाका लॅबमध्ये आलते," ती म्हणाली. "साखर तपासाले. मी सुई काढली तं म्हनते, निकिता, मी तुह्या लग्नाले हरकत देऊन आलो, पाठीमागून नाही करत, तोंडावर सांगतो. मी म्हनलं, बरं. मूठ आवळा."

शांतवनला हसू आलं आणि ते आल्याचं आश्चर्य वाटलं. "मंग?"

"मंग काय. नीट काढलं रक्त. साखर वाढली हाय त्याईची, सांगा त्याइले, माहं ऐकणार नाहीत आता."

त्याने टेबलावरचं पांढरं कापड सारखं केलं. मग तो म्हणाला, "पोरी, त्या वेळी मी जे बोललो..."

"चुकलं म्हणू नका काका." तिने घाईने थांबवलं. "आता म्हणाले सोपं हाय. आन चुकलंच होतं असं बी मले नाही वाटत. मी तुमच्या धाकानं नाही राह्यली. मले ते खरं वाटलं म्हणून राह्यली. पयले दोन वर्ष वाईट गेले. मंग नाही. घर आपलं, चावी आपली, प्रार्थना आपली. लोकायले वाटते मी शिक्षा भोगून राह्यली. मले तसं नाही वाटलं. बाईले सांगत होती मी हे. बाई म्हनायच्या, मालूम हाय मले, मले बी तसंच राहाचं होतं."

तो टेबलाचा काठ धरून उभा राहिला. म्हणजे त्या मंगळवारांना नुसत्या कोंबड्याच नव्हत्या. म्हणजे ती दुसरी एस्तेर, पांढऱ्या साडीतली, हिला भेटली होती.

"तं मग लग्न कायले?" त्याने विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच हवं होतं.

"रोशननं पयल्यांदा विचारलं तं मी नाही म्हनलं. तो म्हने, बरं, तुले एकटं राहाचं असन तं मी रविवारी उपासनेनंतर येऊन चहा पिऊन जात जाईन, तेवढं चालते का? वर्षभर तेवढंच केलं त्यानं. मंग मलेच वाटलं, याच्यासंगं राहाव." बाकाच्या लाकडावर वाकड्या मनगटाचा हात होता, बोटाने ती एक गाठ घासत होती. "पण एक गोष्ट कोणाले नाही सांगतली. तुम्ही म्हनलं होतं, तो जिवंत हाय तोवर. त्या दिवसापासून अमरावतीचा फोन आला का माह्या मनात पयले तेच येये. गेला का. मी काही मागत नव्हती, नुसतं मनात येये. आन एक दिवस गुडघे टेकून प्रार्थना करून राह्यली, तं माह्या ध्यानात आलं का मी प्रार्थना नाही करून राह्यली, मी त्याच्या मरणाची वाट पाहून राह्यली. उठून उभी झाली मी. मोकळं व्हाले कोणाले मरा लागते, तं तसं मोकळं मले नाही व्हाचं. म्हणून मी वाट पाहणं सोडून देलं. त्याले माफ केलं का नाही, मले नाही सांगता येत. वाट सोडली एवढं खरं."

बाहेर गाडीवाल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, रांग पुढे सरकली. शांतवनला वाटलं, ही जी मोकळीक हिने हातात धरायला नकार दिला, तीच मला न मागता दिली गेली आहे, आणि देवराव सकाळी तिचंच अभिनंदन करायला आला होता.

"तुमचं कसं चालू हाय काका?" तिने विचारलं.

आठ महिन्यांत असं कोणी विचारलं नव्हतं. जेवता का, विचारायचे. औषध घेता का. त्याची मान हलली, हो आणि नाही दोन्हींसारखी.

"रविवारची दुपार लय वाईट असते," निकिता म्हणाली, जणू तो बरंच काही बोलला होता. "मंडळी पांगते, जेवण होते, आन मंग पाच वाजेलोक काहीच नसते. घरात नका बसू. बसस्टँडवर जाऊन बसत जा, गर्दी असते, कोणी काही विचारत नाही. मी दोन वर्ष तेच केलं. पुसदच्या गाड्या किती वाजता सुटतात ते मले अजून पाठ हाय."

एकटी राहा, मी सांगितलं होतं. कसं राहायचं, ते ही सांगते आहे.

ती उठली. पेटी उचलली. उद्या वाचाल का, असं तिने विचारलं नाही, दारात फक्त म्हणाली, "मी इथंच बसन उद्या. मागच्या बाकावर." आणि स्कूटीचा आवाज गाड्यांच्या आवाजात मिसळून गेला.

ऊन खिडकीच्या खालच्या चौकटीवर आलं होतं. त्याने खिशातून दोन्ही कागद काढले, देवरावचा डाव्या हाताला ठेवला, सूचनेचा उजव्या, आणि टेबलामागे उभा राहिला. वाचायच्या आधी एकदा वाचून बघायची त्याची सवय होती, नावं अडखळू नयेत म्हणून. समोर रिकामे बाक. त्याने घसा साफ केला.

"दिग्रस मंडळीची निकिता आणि बाभुळगाव मंडळीचा रोशन यांच्या विवाहाची ही तिसरी सूचना. या विवाहाला कोणाची हरकत असेल, तर त्याने ती आत्ता सांगावी."

आणि तो थांबला. थांबायचंच होतं. मनात प्रार्थना सुरू केली, हे आमच्या स्वर्गातील पित्या... आणि दुसऱ्या ओळीला ती सुटली, कारण सकाळचं ते घोंगडीचं कोडं आपोआप उलगडत चाललं होतं, आणि त्याला हात लावावा लागत नव्हता. देवरावचा कागद म्हणत होता, गाठ सुटत नाही. कोर्टाने सुटत नाही, सात वर्षांनी सुटत नाही, मनगट मोडलं तरी सुटत नाही. म्हणून बरं वाटलं. त्या दुष्ट माणसाची गाठ जर सुटत नसेल, तर माझी तर... त्या कागदाखाली शिरून मी एस्तेरला धरून बसलो होतो. पण ज्या शास्त्रावर तो कागद लिहिला आहे तेच शास्त्र दुसऱ्या श्वासात म्हणतं, मरेपर्यंत. तिथपर्यंतच. निकिताची गाठ बांधलेली आणि माझी सुटलेली, असंच ते सांगतं. आणि ती तिथे मोकळी बसली होती आणि मी इथे बांधलेला उभा आहे. निकिताला थांबवून माझं काही राहणार नाही. उद्या तिला थांबवलं तरी सोमवारी एस्तेर नसेल.

एका लग्नासाठी तीन-तीन रविवार विचारतात. सगळ्या लोकांसमोर विचारतात, थांबतात, कान देतात. मार्चमध्ये, हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सातव्या पलंगाशी, कोणी थांबलं होतं? डॉक्टरने घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली. पुरताना पास्टरने चांगली वचनं वाचली, मंडळी गायली, देवरावने माती लोटली. कोणाची हरकत आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही, आणि मी सेक्रेटरी, मला रीत ठाऊक, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून मीही गप्प राहिलो, आणि गप्प राहणं म्हणजे संमती...

"माही हरकत हाय," शांतवन म्हणाला.

आवाज मोठा निघाला, देवरावसारखा. तो छताच्या पत्र्यापर्यंत गेला आणि बाकांवर उतरला. कोणती हरकत, कोणाविरुद्ध, कोणत्या आधारावर — काही कोणी विचारलं नाही. पण त्याला स्वतःला ऐकू आलं होतं, आणि ऐकताना कळलं होतं की ही हरकत त्या दोन नावांना नव्हती. त्या कागदावर ती कुठेही बसत नव्हती, ना डावीकडच्या, ना उजवीकडच्या.

प्रभूच्या प्रार्थनेएवढा वेळ केव्हाच होऊन गेला होता. तरी शांतता संपली असं वाटेना. जिनिंग चालू होती, खिडकीतून दोन-चार तंतू आत येऊन उन्हात लटकले होते, पडायची घाई नसल्यासारखे. तो उत्तराची वाट पाहत नव्हता, हे त्याला हळूहळू जाणवलं. नुसता उभा होता. उद्या याच जागी उभं राहायचं आहे. पुढच्या बाकावर देवराव असेल, बहिरा कान बाहेरच्या बाजूला करून. मागच्या बाकावर ती असेल. आणि पुसदला एक पोरगी असेल जिला हे सगळं सोमवारपर्यंत कळेल. डाव्या हाताचा कागद उचलायचा की उजव्या, ते अजून समोर आलं नव्हतं. देवरावला काय सांगायचं, तेही नाही. फक्त छातीत जिथे सकाळपासून घोंगडी होती तिथे आता काही नव्हतं, थंडी वाजत होती, आणि ती थंडी त्याची स्वतःची होती, दुसऱ्या कोणाच्या अक्षरातली नव्हती.

तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.